इथे दुभाषे शोधून मिळतील

मध्यंतरी बरेच महिने मला नीट झोप लागत नव्हती, आणि त्याचं कारण सांगितलं की लोक हसायचे. म्हणजे आधी हसायचे, मग घाईघाईने चेहरा सरळ करून "होईल हो सगळं नीट" म्हणायचे. कारण असं, की माझी नोकरी जगाला बोलणारी माणसं शोधून देण्याची, आणि माझी स्वतःची मुलगी बोलत नव्हती. तीन वर्षं उलटली तरी नाही. नाव आम्ही हौसेने वाणी ठेवलेलं. त्यावरचा विनोद आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं वाटणारे नातेवाईक अमरावतीपासून अकोल्यापर्यंत जागोजागी पसरले आहेत.

नोकरीचं आधी सांगते. पुण्याची एक भाषांतराची कंपनी आहे. परदेशातले दवाखाने आणि कोर्टं यांना ती फोनवर दुभाषे पुरवते. तिकडे एखादा पेशंट येतो, त्याला फक्त हाउसा भाषा येते, डॉक्टरला फक्त इंग्रजी. मग फोनवर तिसरं माणूस लागतं. हे तिसरं माणूस शोधणं म्हणजे माझं काम. माझ्या वाट्याला पश्चिम आफ्रिका आली आहे: सेनेगल, माली, घाना, नायजेरिया. तिथली फ्रीलान्स काम करणारी माणसं हुडकायची, त्यांची चाचणी घ्यायची, रेट ठरवायचा. आणि हे सगळं अमरावतीत, आमच्या घराच्या माडीवर, एका बाजूला वाळत घातलेले पापड सांभाळत.

अशा नोकरीत किस्से जमवावे लागत नाहीत. संत्र्याच्या पेटीतलं गवत जसं पेटी रिकामी झाली तरी आठवडाभर घरात सापडत राहतं, तसे ते सापडत राहतात. चारदोन इथे झटकते.

* * *

नोकरी लागली तेव्हा पुण्याच्या आमच्या मॅडमनी पहिल्याच कॉलवर मोठ्या आनंदाने सांगितलं, "बरं झालं तू अमरावतीची आहेस. तेलुगूचंही काम तुलाच देते."

मी म्हटलं, मॅडम, ती अमरावती वेगळी. ती आंध्रातली. आमची विदर्भातली.

"अच्छा. मग तुमच्याकडे विदर्भी बोलतात का?"

मी नम्रपणे सांगितलं की विदर्भी अशी भाषा नाही. आणि फोन ठेवल्यावर सासूबाईंना ही गंमत तिखटमीठ लावून सांगितली. आम्ही दोघी पुण्यावर पोटभर हसलो.

त्याच आठवड्यात एका दवाखान्याकडून तातडीची मागणी आली, "आफ्रिकन बोलणारा दुभाषा हवा." मी उलट मेल केली, कुठली आफ्रिकन? उत्तर आलं, "पेशंट घानाचा आहे. घानीयन बोलतो." मी ती मागणी आहे तशी तिकडच्या तीन एजंटांना पाठवून दिली. विषय: घानीयन दुभाषा, तातडीने.

माझी चूक मला कळायला दुपार झाली. तोवर एका एजंटाचं उत्तर येऊन पडलं होतं. त्याने फक्त विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही इंडियन बोलता का?"

हे मी सासूबाईंना सांगितलं नाही.

* * *

माझ्या सासूबाई मूळच्या मोर्शीच्या, संत्र्याच्या बगिच्यात वाढलेल्या. इंग्रजी येत नाही आणि त्यावाचून त्यांचं आजवर काही अडलेलं नाही. माझी भरती मात्र त्यांच्यामुळे चालते. ते कसं, तर हाजियांमुळे.

हाजिया नायजेरियातल्या कानो शहरातल्या निवृत्त शिक्षिका. हज करून आलेल्या बाईला तिकडे आदराने हाजिया म्हणतात. हाउसा आणि इंग्रजी, दोन्हीवर त्यांची अशी पकड की मी पहिल्या कॉलला दबकूनच बसले होते. दबकलेली माणसं करतात तेच मी केलं. घाई. नमस्कार, रेट काय घ्याल, कुठल्या वेळी मोकळ्या असता?

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मग कॉल बंद.

मला वाटलं नेट गेलं. तासाभराने त्यांची मेल आली. "मुली, तू ठीक आहेस ना? घरात काही वाईट घडलं आहे का? तू मला काहीच विचारलं नाहीस, म्हणून काळजी वाटली. आज कामाचं बोलू नकोस, घरच्यांजवळ बस."

तिकडची रीत अशी, की कामाच्या आधी विचारपूस. झोप कशी झाली, घर कसं आहे, मुलं कशी आहेत, काम कसं चाललंय, आणि शेवटी एक प्रश्न जो मला फार आवडतो: थकवा कसा आहे? त्याचं उत्तर ठरलेलं. थकवा नाही. माणूस पार मोडून पडलेला असला तरी उत्तर हेच.

दुसऱ्या कॉलला मी कागदावर प्रश्न लिहून बसले. तिसऱ्या प्रश्नाला सासूबाई चहा घेऊन वर आल्या, मागून त्यांचा पदर धरून वाणी. पडद्यावर डोक्यावरून वस्त्र घेतलेली आपल्या वयाची बाई पाहून त्यांनी खुर्ची ओढली आणि वाणीला मांडीवर घेऊन बसल्या.

"कोन होय वो ह्या? इचार त्यायले, पावसापान्याचं कसं काय?"

मी विचारलं. तिथून पुढे मी दुभाषी झाले. पाऊस झाला, मग पिकं झाली, मग दोघींचे गुडघे, मग सुना. सुनांचा भाग दोन्हीकडून मलाच भाषांतरित करावा लागला. नियम माहीत होता: काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. मी बरंच गाळलं.

शेवटी हाजियांनी वाणीकडे पाहून विचारलं, ही काय म्हणते? मी म्हटलं, अजून बोलत नाही. त्या म्हणाल्या, "ऐकते आहे ना? मग कामावर आहे."

रेट विचारायचा राहूनच गेला. पण त्यांनी आपणहून काम घेतलं, आपल्या भाचीला आणि शेजारणीलाही आणलं, आणि माझ्या यादीतली माणसं सोडून जात नाहीत हे पुण्याच्या नजरेत आलं. मॅडमनी विचारलं, तू नेमकं काय करतेस? मी रिपोर्टमध्ये लिहिलं, "रिलेशनशिप बिल्डिंग." खाली जाऊन सासूबाईंना त्याचा अर्थ सांगितला.

"इचारपूस म्हन ना मंग सरळ," त्या म्हणाल्या, आणि मेथी निवडत राहिल्या.

* * *

घानातली ट्वी भाषा. मोठ्या मुश्किलीने अर्ज जमवले. यादी उघडून बघते तर एकच माणूस सारखा सारखा अर्ज करतोय. कोफी, कोफी, पुन्हा कोफी. आडनावं निरनिराळी, म्हणजे वर लबाडीही. मी तत्त्वाची बाई. एक कोफी ठेवला, बाकीचे उडवले, आणि उडवलेल्यांना जरा कडक मेल पाठवली की कृपया वेगवेगळ्या नावांनी अर्ज करू नयेत.

ठेवलेल्या कोफीने चाचणीच्या वेळी मला शांतपणे समजावलं. त्यांच्याकडे मूल ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव त्याला मिळतं. कोफी म्हणजे शुक्रवारी जन्मलेला मुलगा. "मॅडम, तुम्ही शुक्रवारी जन्मलेल्या सगळ्या घानाला काढून टाकलंत."

हे खाली सांगितलं तर सासूबाईंना त्यात काही नवल वाटेना. त्यांच्या माहेरी सोमा होता, मंगळू होता, बुधा होता. "तुमच्या अकोल्यात नसतीन," एवढंच माझ्या माहेराबद्दल म्हणाल्या.

मी उडवलेल्या सगळ्या शुक्रवारांची माफी मागितली. एकाने मोठ्या मनाने उत्तर दिलं आणि विचारलं, तुमची मुलगी कुठल्या वारची? रविवारची म्हटल्यावर त्याने तिचं नाव कळवलं. अकोसुआ.

त्या दिवशी मी घरात सहज हाक मारून पाहिली. "अकोसुआ." जिन्याखाली खेळत असलेली वाणी लगेच वळली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी आनंदाने रडायची बाकी होते, की हिला कळतंय, हिला ऐकू येतंय. नवरा म्हणाला, "अगं, तू एवढ्या जोरात ओरडलीस की मीपण वळलो."

नवऱ्याचं नाव संदीप. नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत कापडाच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. कापडात दोष शोधायचा पगार घेतो आणि घरी कशातच दोष दिसत नाही त्याला.

* * *

मालीची बांबारा भाषा. चाचणीसाठी दोघं लागतात. एक खोटा पेशंट होतो, दुसरा दुभाषा. मी बोलावले होते एक त्राओरे आणि एक जारा. दोघांची आधी ओळख नाही, दोन वेगळ्या देशांत राहतात. मी म्हटलं, कृपया आपापली नावं सांगा.

"त्राओरे," पहिला म्हणाला.

दुसरा खुर्चीत ताठ बसला. "त्राओरे? म्हणजे चवळी खाणारा. मॅडम, या माणसाला काम देऊ नका, हा पेशंटची चवळी खाईल." हे इंग्रजीत, म्हणजे मलाही नीट कळावं म्हणून. त्यावर पहिला थंडपणे म्हणाला, जारा आमच्या घरी पूर्वापार पाणी भरतात, आज याला सुट्टी कोणी दिली?

मी मीटिंग बंद केली, दोघांना वेगवेगळ्या दिलगिरीच्या मेल लिहिल्या, आणि पुण्याला कळवलं की दोन उमेदवारांत गंभीर प्रकार घडला आहे, बहुधा जुनं वैर असावं.

दोघांची उत्तरं आली आणि दोघंही माझ्यावरच नाराज. ऐन रंगात आलेलं बोलणं तुम्ही का तोडलंत? त्यांच्याकडे काही आडनावांचं आपसात थट्टेचं नातं असतं. वाडवडिलांपासूनचं. अनोळखी त्राओरे भेटला आणि जाराने त्याला चवळीवरून छेडलं नाही, तर तोच अपमान. दोघांनी एकमेकांचे नंबर मागितले होते.

"म्हनजे सोयरे हायेत," सासूबाईंनी निकाल दिला.

नेमकी त्या वेळी माझी आई अकोल्याहून आलेली होती. जुन्या शहरातली, वकिलाच्या घरातली, बोलण्यात कोणाला हार न जाणारी. सासूबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या की अकोल्याची माणसं उन्हानं तापलेलीच जन्माले येतात, त्यायचा राग काय मनावर घ्याचा. आई म्हणाली, मोर्शीचे लोक पाहुण्याला संत्रं देतात खरं, पण गेल्यावर सालं मोजतात म्हणे.

वाणी दोघींच्या मध्ये बसली होती. गळ्यात माझा जुना हेडफोन, माइक तुटलेला. तो तिचाच झाला होता, जेवतानाही काढायची नाही. ती एकदा इकडे बघे, एकदा तिकडे, आणि अचानक खदखदून हसली. योग्य जागी. मी दोघींना हात जोडून म्हटलं, थांबू नका, भांडत राहा. पण सांगून भांडण होत नसतं. दोघी चहा प्यायला लागल्या.

* * *

आता एक नियम सांगते, कारण त्याने माझी गावात शोभा केली. दुभाष्याने "पेशंट म्हणतेय की तिचं पोट दुखतंय" असं म्हणायचं नसतं. "माझं पोट दुखतंय" असं म्हणायचं. ज्याचं बोलणं, त्याचाच "मी". दुभाषा मध्ये नसल्यासारखा असला पाहिजे.

नव्या लोकांना हे जमता जमत नाही. सेनेगलच्या डाकारची आवा म्हणून एक वोलोफ बोलणारी मुलगी होती, हुशार, पण दर वाक्याला "ती म्हणते, ती म्हणते." शेवटी मी खिडकीशी उभी राहून, हेडफोन लावल्यावर माणूस जसं गरजेपेक्षा मोठ्याने बोलतं तसं, ठासून सांगितलं, "नो 'शी सेज'! से इट लाइक धिस: आय अॅम थ्री मंथ्स प्रेग्नंट, अँड आय हॅव नॉट टोल्ड माय हजबंड!"

खिडकीला लागून शेजारच्या काकूंची गच्ची. काकू हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी माझ्या वाक्यात व्याकरणाची चूक नाही एवढं तपासलं आणि मग मजकूर खाली पोचवला.

मला कोणी एका शब्दाने काही बोललं नाही. फक्त ताटातली पपई नाहीशी झाली. धुण्याची बादली हातातून काढून घेतली गेली. अकोल्याहून आई डिंकाचे लाडू घेऊन उतरली आणि माझ्याकडे बघून डोळे पुसू लागली. संदीप घुम्यासारखा वावरत होता. अखेर जेवताना तो ताट बाजूला सारून म्हणाला, "काकूंना माहीत, गच्चीला माहीत. मला सांगावंसं वाटलं नाही तुला?"

सगळा उलगडा व्हायला वेळ लागला. मी नियम समजावला, आवाला फोन लावून तिची साक्ष काढली. मग थोडं चिडून म्हणालेच, की मला आधी विचारायचं होतं.

"माह्यंच चुकलं," सासूबाई म्हणाल्या.

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य आहे. ते त्या माफी मागायला वापरत नाहीत. समोरच्याने मागावी म्हणून वापरतात. मी लाडू खाल्ला. दुसरा लाडू पुढे करून त्या म्हणाल्या, "पन मंग ज्या बाईले खरंच दिवस गेले, तिच्या नवऱ्याले कोनी सांगतलं का नाई?"

* * *

आता जे सांगते ते किस्सा म्हणून कधी सांगितलं नव्हतं.

वाणीला आम्ही थेरपिस्टकडे नेलं. त्यांनी सगळं तपासलं. कान उत्तम, समज वयापेक्षा पुढे. म्हणाल्या, घरात भरपूर बोला, कुठल्याही भाषेत बोला, आणि तिच्या मागे लागू नका. येताना बसमध्ये अकोल्याच्या मामीचा फोन आला. मामी म्हणाली, तुमच्याकडे एक ना धड भाषा, आई इंग्रजीत, आजी वऱ्हाडीत, लॅपटॉप आफ्रिकेत, पोरगी गोंधळणार नाही तर काय. मी शिकलेली बाई. थेरपिस्टची फी दिली आणि सल्ला मामीचा घेतला.

घरी येऊन जाहीर केलं, की आजपासून वाणीशी सगळ्यांनी एकाच भाषेत बोलायचं. शुद्ध मराठीत. मले-तुले नको. हे मी फार गोड आवाजात सांगितलं, आणि तेच जास्त लागलं असावं.

सासूबाई "बरं" म्हणाल्या. वाणीला रोज दुपारी सांगायची गोष्ट त्या दिवशी सांगितली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. "माह्यी बोली खराब हाये तं लेकराचं नुकसान काहून करू?" एवढं संदीपला म्हणाल्या. माझ्याशी बोलणं बंद. निरोप असला तर वाणीकरवी, आणि तोही मुद्दाम अगदी मोर्शीच्या ठेवणीत. "सांग तुया मायले, दूध उतू जाऊन राहिलं." मी पण कमी नाही. "आजीला सांग, गॅस मी बंद केलेला आहे." पोर आपली हेडफोन घालून एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. दोन पक्ष, दोन बोली, आणि मध्ये मुका दुभाषा. माझ्या कंपनीत असा दुभाषा पहिल्याच दिवशी यादीतून गेला असता.

घर इतकं शांत झालं की मला भीती वाटायला लागली. मुलीने बोलावं म्हणून मी जे केलं, त्याने घरातली सगळ्यांत जास्त बोलणारी बाई गप्प झाली होती. हे कळत होतं. पण नियम मागे घ्यायचा तर काय शब्दांत, ते सुचत नव्हतं. दहा भाषांची माणसं यादीत असून.

मग एका सकाळी सासूबाईंनी पिशवी भरली. मोर्शीला भावाकडे जाते म्हणाल्या, संत्र्याचा तोडा आहे, मदत होईल. किती दिवस ते सांगितलं नाही. दुपारी संदीप हाफ डे टाकून येणार आणि स्टँडवर सोडणार, असं ठरलं.

मी माडीवर कामाला बसले. हाजियांचा कॉल होता. नेहमीप्रमाणे सुरू झाल्या. झोप कशी झाली, घर कसं आहे, आई कुठे आहे, खूप दिवसांत दिसली नाही. मी काहीबाही उत्तरं दिली. मग त्या म्हणाल्या, थकवा कसा आहे?

"आहे," मी म्हटलं.

हे उत्तर त्यांना आयुष्यात कोणी दिलं नसावं. त्या पडद्याजवळ सरकल्या. मग शिक्षिकेच्या आवाजात म्हणाल्या, कॉल बंद कर, खाली जा.

खाली गेले. सासूबाई दाराजवळच्या खुर्चीत, पिशवी पायाशी, चपला घालून बसलेल्या. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नाही, हे मला माहीत होतं. वाणी आमच्या दोघींच्या मध्ये फरशीवर, हेडफोन कानावर. मी काही न बोलता ताट घेतलं. भाकरी, अंबाडीची भाजी, कांदा. ते बघितल्यावर त्यांनी तोंड दाराकडे वळवलं आणि वाणीला म्हणाल्या,

"सांग तुया मायले, मले भूक नाई. मी जेवत नाई."

वाणीने आजीचं वाक्य पुरतं ऐकून घेतलं. चांगले दुभाषे थांबतात तशी क्षणभर थांबली. मग माझ्याकडे वळली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली,

"मला भूक लागली."

ताटातला कांदा घरंगळून खाली पडला. सासूबाईंनी दाराकडे वळवलेलं तोंड वाणीकडे फिरवलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलले, आणि सवयीने तेही वाणीलाच.

"आजीला विचार, भाकरी वाढू का?"

वाणीने मान डोलावली, आजीकडे तोंड केलं, हेडफोन नीट बसवला आणि सांगितलं,

"माह्यं चुकलं. चाल, जेवून घे."